राणीची बाग पहिल्यांदा पाहताना: आधी झाडं, मग पेंग्विन

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पहिल्यांदा येणारी बहुतेक मंडळी दारातून थेट पेंग्विनच्या रांगेत जातात, तिथून वाघाकडे, मग पाणघोड्याकडे. दोन तासांत पाय दुखायला लागतात, मुलं भुकेने रडकुंडीला येतात आणि सगळे घरी निघतात. वाटेत डोक्यावर शंभर-दीडशे वर्षांची झाडं होती हे कुणाला कळतही नाही. ही बाग आधी वनस्पतींसाठी उभारली गेली आणि प्राणी इथे जवळजवळ तीस वर्षांनी आले. फेरफटकासुद्धा त्याच क्रमाने केला तर झाडं आणि प्राणी दोन्ही नीट पाहून होतात. तो कसा करायचा, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

बाग कशासाठी होती, हे दोन मिनिटांत

ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा पुढे युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेला भायखळ्याजवळ नवी जागा मिळाली. तिथे आखलेली बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन्स, आणि मुंबईकरांनी तिला ‘राणीची बाग’ केलं. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये शेजारची सुमारे १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालय सुरू झालं. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. या नावातही ‘वनस्पती उद्यान’ आधी येतं. टॅक्सीवाल्याला मात्र ‘राणीचा बाग’ म्हटलेलंच पटकन कळतं.

बाग साधारण ५० एकरांवर पसरली आहे. अडीचशेहून अधिक जातींची तीन हजारांवर झाडं इथे आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, मादागास्कर, म्यानमार अशा ठिकाणांहून मुद्दाम आणून, इथल्या हवेत जगतात का ते पाहण्यासाठी लावलेली झाडं त्यांत बरीच आहेत. मुंबईसारख्या जागेच्या ओढाताणीच्या शहरात हे टिकून आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. २००७ नंतर प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांच्या काळजीपोटी नागरिक उभे राहिले. इथे फिरताना त्यांची आठवण ठेवायला हवी.

वार, वेळ आणि तिकीट

सगळ्यात जास्त फसगत वाराची होते. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवण्याची पद्धत आहे. सुट्ट्यांच्या आठवड्यात जाणार असाल तर आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

दार सकाळी साडेनऊला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बाग बंद होते, पण तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते. ‘सहापर्यंत आहे ना, पाचला पोचू’ असा हिशेब करणारे दारावरूनच परत जातात. दुपारी साडेतीननंतर पोचणार असाल तर बेत दुसऱ्या दिवशी न्या. दीड-दोन तासांत ही बाग होत नाही.

२०१७ पासूनचे दर असे आहेत: प्रौढांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये. दर बदलू शकतात, म्हणून दारावरचा फलक पाहूनच पैसे काढा. चौघांच्या कुटुंबाने सुटी तिकिटं काढली तर ५० रुपये जास्त जातात, तेव्हा खिडकीवर ‘कुटुंबाचं तिकीट’ असं स्पष्ट सांगा. तिकीट ऑनलाइनही काढता येतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ते आदल्या रात्री काढून ठेवलं तर उन्हातली रांग वाचते. फोनवर मिळालेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. दारावर गर्दीत नेटवर्क मंदावलं की मागचे लोक ओरडायला लागतात.

सगळ्यात चांगला दिवस मंगळवार किंवा गुरुवार, शाळांच्या सहलींचा मोसम सोडून. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या बसगाड्या रोज लागतात. त्या दिवसांत सकाळी अकरा ते दोन पेंग्विनच्या इमारतीकडे फिरकूच नका.

पोचायचं कसं

मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन सगळ्यात सोयीचं. इथे जलद लोकलही थांबते. पूर्वेकडून बाहेर पडलं की दहा-बारा मिनिटं चालत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर बागेचं दार येतं. रस्त्यावर वाहनं फार असतात, म्हणून मुलांचे हात धरूनच चाला. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. हार्बरवाल्यांना कुर्ल्याला बदलणं सोपं पडतं. बेस्टच्या बसने आलात तर ‘जिजामाता उद्यान’ असा थांबा विचारा.

स्वतःची गाडी शक्यतो आणू नका. रविवारी पार्किंग शोधण्यातच पाऊण तास जातो आणि सकाळची सगळ्यात चांगली वेळ वाया जाते. लोकलने येताना भायखळा स्टेशनकडेही पाच मिनिटं बघा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासूनचं हे स्टेशन, आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आहे.

पिशवीत काय भरायचं

माणशी एक लिटर पाणी, स्टीलच्या किंवा काचेच्या बाटलीत. टोपी. बंद बूट किंवा घट्ट सॅंडल, कारण पाच-सहा किलोमीटर चालणं सहज होतं. जून ते ऑक्टोबर डासांचं मलम आणि छत्री. रेनकोटपेक्षा छत्री बरी, कारण झाडाखाली वरून टपटपणाऱ्या थेंबांत वही कोरडी राहते. एक छोटी वही, पेन्सिल आणि शिवणाची टेप. टेपचा उपयोग पुढे येईल.

दुर्बीण असेल तर ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, घ्या. १०× किंवा १२× ची घेऊन लोक येतात आणि हात हलल्यामुळे काहीच दिसत नाही. दाट झाडीत जवळचं आणि अंधारातलं पाहायचं असतं, तिथे ताकदीपेक्षा उजेड महत्त्वाचा. दुर्बीण नसली तरी अडत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने उंचावरच्या फुलाचा फोटो काढून तो मोठा करून पाहता येतो.

वेफर्स, बिस्किटं, शेंगदाणे पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. ते हातात आले की पिंजऱ्यासमोर आपोआप पुढे केले जातात. खाणं डब्यात, पिशवीच्या तळाशी. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा.

आत आल्यावर पहिली दहा मिनिटं

दाराजवळ नकाशाचा फलक असतो. त्याचा फोटो काढा. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि पेंग्विनची इमारत या तीन जागा नकाशावर ओळखून ठेवा, बाकीचं चालता चालता सापडतं. लहान मूल सोबत असेल तर हरवल्यावर कुठे भेटायचं ते इथेच ठरवा. प्रवेशद्वार हीच त्यासाठी सगळ्यात चांगली जागा, कारण आतल्या वाटा एकमेकींसारख्या दिसतात.

मग लगेच प्राण्यांकडे जाऊ नका. पहिला तास-दीड तास झाडांना द्या. सकाळी ऊन तिरपं असतं, त्यामुळे साली आणि पानं स्पष्ट दिसतात. रात्री उमललेली फुलं जमिनीवर ताजी असतात, झाडलोट झालेली नसते, आणि पक्षी बोलत असतात. साडेअकरानंतर यातलं काही उरत नाही.

झाड पाहायचं कसं

नवख्या माणसाची चूक अशी की तो फुलाकडे बघतो आणि फूल नसलं की पुढे जातो. झाडाला फूल वर्षातले थोडेच दिवस असतं, पान-साल-फळ मात्र बराच काळ. म्हणून प्रत्येक झाडापाशी याच क्रमाने जा.

आधी वीस-पंचवीस पावलं लांब उभे राहा आणि आकार बघा. छत्रीसारखा पसरलाय, खांबासारखा उभा आहे, की फांद्या खाली झुकल्यात? मग जवळ येऊन बुंधा बघा: गुळगुळीत आहे, भेगाळलेला आहे, की त्यावरच फुलं-फळं आली आहेत. नंतर खाली बघा. जमिनीवर पडलेलं पान, पाकळी, शेंग उचलून हातात घ्या. तोडायचं काहीच नाही, आणि तोडावंही लागत नाही. शेवटी पाटी वाचा. पाटी आधी वाचली की डोळे काम करायचं थांबवतात, हे मुलांच्या बाबतीत तर फारच खरं.

पान साधं की संयुक्त, म्हणजे अनेक छोट्या पर्णिका मिळून झालेलं, हे ओळखता आलं की अर्धी लढाई जिंकली. जे ‘पान’ वाटतंय त्याचा देठ फांदीला जिथे जोडलाय त्या बेचक्यात बारीक कळी, म्हणजे डोळा, दिसतो का ते पाहा. डोळा असेल तर ते पूर्ण पान. नसेल तर ती पर्णिका, आणि खरं पान तिच्या मागे आणखी मोठं आहे. गुलमोहराचं हातभर लांब ‘डहाळं’ हे एकच पान असतं, हे या युक्तीने लगेच कळतं.

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपने बुंध्याचा घेर मोजा. वनखात्यातही याच उंचीवर मोजतात. वहीत झाडाचं नाव, घेर आणि तारीख लिहा. बुंध्याला पंख्यासारखी उभी फलकमुळं असतील तर त्यांच्या वरच्या पातळीवर मोजा, नाहीतर आकडा फुगतो. घेरावरून वय मात्र काढू नका. गोरखचिंचेसारखी झाडं तर वय मोजण्यात हमखास फसवतात. ‘हे झाड हजार वर्षांचं आहे’ असं कुणी सांगितलं तर बाग १८६२ ची आहे एवढं आठवा.

ही झाडं चुकवू नका

*उर्वशी.* या बागेत एकच झाड पाहायला वेळ असेल तर हे पाहा. शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया नोबिलिस, मूळ म्यानमारचं. शेंड्याकडून हात-दीड हात लांब तुरे खाली लोंबतात आणि त्यांवर लाल-गुलाबी फुलं झुंबरासारखी लटकतात. वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा डाग असतो. मोसम ढोबळमानाने जानेवारी ते एप्रिल. जुलैत येऊन ‘कुठेय उर्वशी?’ म्हणून शोधणाऱ्यांची निराशा होते. पण तेव्हाही कोवळी पालवी मिळाली तर थांबा: तांबूस-गुलाबी पानं मरगळल्यासारखी उभी लोंबतात. झाड सुकलेलं नाही. पान आधी लांबी गाठतं, ताठपणा आणि हिरवा रंग नंतर भरतो. या झाडाला बी क्वचितच धरतं, म्हणून त्याची वाढ बहुधा गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून, करतात. ते इतकं दुर्मीळ का, याचं हे एक कारण.

*सीतेचा अशोक.* सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, सरळ, लांबट पानांचा ‘अशोक’ असतो तो हा नव्हे. त्याचं पान साधं आणि कडा लाटांसारखी, फुलं हिरवट. सीतेच्या अशोकाचं पान संयुक्त, चार ते सहा जोड्या पर्णिकांचं. फुलं जुन्या, जाड फांद्यांवर झुबक्याने येतात. गंमत अशी की याला पाकळ्याच नसतात. जे रंगीत दिसतं ते निदलपुंज, म्हणजे फुलाचं सगळ्यात बाहेरचं आवरण. फूल उमलताना पिवळं, मग केशरी, वय झालं की लाल, त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग सापडतात. जानेवारी ते मार्च पाहा. उर्वशी आणि अशोक एकाच कुळातले, आणि लोंबणारी कोवळी पालवी दोघांचीही. दोन्ही एकाच दिवशी पाहिली तर नातं डोळ्यांना दिसतं.

*कैलासपती.* दक्षिण अमेरिकेतलं झाड. बुंध्यातूनच दोरखंडासारखे देठ फुटतात आणि त्यांवर जाड, मांसल, गुलाबी-लाल फुलं येतात. फुलाच्या मध्यावर नागाच्या फण्यासारखं छत्र आणि खाली शिवलिंगासारखा भाग, म्हणून हे नाव पडलं. खाली पडलेलं ताजं फूल उचलून नीट बघा: मधल्या कड्यातले पुंकेसर खरं परागीभवन करणारे, आणि फण्यावरचे नुसते मधमाश्यांना चारा म्हणून. मधमाशी वरचे पराग खायला आत शिरते आणि तिच्या पाठीला खालचे चिकटतात. सुगंध सकाळी लवकर येतो, दुपारपर्यंत उतरतो. आता धोक्याचं: याची फळं तोफगोळ्याएवढी, वजनदार आणि टणक असतात. फळाखाली उभं राहून फोटो काढू नका, पावसाळी वाऱ्याच्या दिवशी तर बिलकूल नाही. फुटलेल्या फळाचा गर हाताला लावू नका, वास लवकर जात नाही.

*गोरखचिंच.* आफ्रिकेतला बाओबाब, अरब व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेला. वसईच्या किल्ल्यातही आहे. वर्षातले बरेच महिने पानगळ होऊन उभं असतं, तेव्हा मुळं आभाळात असल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात हाताच्या बोटांसारखी पाच-सात पर्णिकांची पानं येतात. पांढरं मोठं फूल रात्री उमलतं, परागीभवन वटवाघळं करतात, आणि दुसऱ्या दिवशी ते गळतं. म्हणून जून-जुलैत सकाळी पहिल्या फेरीतच या झाडाखाली या. उशिरा आलात तर तपकिरी पडलेला चोथा तेवढा सापडतो. बुंध्यावर नाव कोरलेलं दिसलं तर मुलांना समजावून सांगा: साल झाडाचं अन्न वाहून नेते, आणि कापलेली जागा पूर्वीसारखी होत नाही.

*ब्रह्मदंड.* हेही आफ्रिकेतलं. दोरीला दुधी टांगल्यासारखी फळं, एकेक ५ ते १० किलोपर्यंतचं. फुलं गडद तपकिरी-लाल, रात्रीची. मुलांना हे झाड हमखास आवडतं. त्यांना फळाखालून बाजूला ठेवा.

*कृष्णवड.* वडाचीच जात, पण पानाचा तळ वळून द्रोण झालेला असतो. बाळकृष्णाने त्यात लोणी लपवलं ही कथा मुलांना सांगा आणि मग साध्या वडाचं पान शेजारी धरून फरक दाखवा.

वड, पिंपळ, उंबर यांपैकी कुठलंही झाड फळांनी पिकलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका. त्याखाली, थोडं बाजूला, वीस मिनिटं शांत बसा. तांबट, कोकीळ, बुलबुल येतात, आणि नशीब असेल तर राखी धनेशही. शहरातल्या या पक्ष्यांसाठी राणीची बाग म्हणजे खरोखरच अभयारण्य आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्यांइतकेच हे मुक्त रहिवासी पाहण्यासारखे आहेत. मोठ्या झाडांवर दिवसा उलटी लटकलेली वटवाघळं दिसली तर दुर्बिणीतून बघा: उकाड्यात ती पंखांनी वारा घेत असतात. दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे लोक दिसतात, त्यांना नम्रपणे थांबवा. दिवसा उडवलेलं वटवाघूळ विश्रांती गमावतं, आणि गोरखचिंचेचं परागीभवन तेच करतं.

फेब्रुवारीत सावर लाल होते. एप्रिल-मे तामण, बहावा, सोनमोहर, गुलमोहर यांचे. तामण आपलं राज्यफूल, त्याचा जांभळा रंग उन्हाळ्यातच पाहायला मिळतो. पर्जन्यवृक्ष कधीही पाहा, पण ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी त्याच्या पर्णिका मिटलेल्या दिसतात. पर्णिकांच्या तळाशी असलेल्या फुगीर सांध्यांत पाणी आत-बाहेर होतं आणि पान मिटतं-उघडतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचं झाडं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन इथे भरतं. ते छान असतं, पण गर्दी प्रचंड. शांतपणे झाडं पाहायची असतील तर ते तीन दिवस टाळा.

झाड ओळखणारी फोनमधली ॲप मदत करतात, पण नुसत्या फुलाच्या फोटोवर हमखास चुकतात. एकाच झाडाचे तीन फोटो द्या: पानाची पुढची बाजू, पान फांदीला जोडलेली जागा, आणि फूल किंवा फळ. मागे तळहात धरला तर फोटो स्पष्ट येतो आणि आकाराचाही अंदाज येतो. मग बागेतल्या पाटीशी ताडून पाहा. दोन्ही जुळलं नाही तर वहीत प्रश्नचिन्ह घाला.

आता प्राणी

साडेदहा-अकराच्या सुमारास प्राण्यांकडे वळा. क्रम असा ठेवा: आधी वाघ-बिबट्यासारखे शिकारी, कारण ऊन चढलं की ते सावलीत झोपतात. दुपारी दोनला ‘वाघ हलतच नाही’ ही तक्रार ऐकू येते, पण त्यात वाघाची काही चूक नाही. आवाज देऊन तो उठत नाही, नुसता त्रास होतो.

पाणघोडा पाण्यात बुडालेला असेल तर लोक तीस सेकंद थांबून निघून जातात. तो श्वास घ्यायला साधारण तीन ते पाच मिनिटांनी वर येतो. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. आधी नाकपुड्या दिसतात, मग कान फडफडतात. मगर तोंड उघडं ठेवून निपचित पडली असेल तर ती मेलेली नाही आणि पुतळाही नाही. उघड्या तोंडातून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते.

२०२० मध्ये खुल्या झालेल्या मोठ्या पक्षीगृहात आपण आत चालत जातो आणि पक्षी भोवती उडतात. इथे वेग कमी करा. घाईने चालणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत, पाण्याच्या कडेला पाच मिनिटं उभ्या राहिलेल्याला दिसतात. भडक टोप्या आणि फडफडणाऱ्या ओढण्या सावरून घ्या.

पेंग्विन सगळ्यात शेवटी, दुपारी. ती इमारत वातानुकूलित आहे, म्हणजे उन्हाच्या वेळेचा सदुपयोगही होतो आणि सकाळची गर्दीही ओसरलेली असते. हे हम्बोल्ट पेंग्विन. दक्षिण कोरियातून २०१६ च्या जुलैत आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी दगावला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला. पुढे इथेच पिल्लंही जन्मली. मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा: हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर हम्बोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो, तिथले हे. म्हणून कक्षात बर्फ नसतो, नुसतं थंड हवा-पाणी असतं. छातीवर एकच काळा पट्टा आणि पोटावर ठिपके. प्रत्येकाच्या ठिपक्यांची ठेवण निराळी. एखादा पेंग्विन विस्कटलेला, पिसं उपटल्यासारखा, पाण्याबाहेर उभा दिसला तर तो आजारी आहे असं मानू नका. पेंग्विनची सगळी पिसं वर्षातून एकदा एकदमच बदलतात. नवी पिसं पूर्ण येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून तो पोहत नाही.

काचेवर टकटक करायची नाही, फ्लॅश वापरायचा नाही. फ्लॅशने फोटोही बिघडतो, कारण काचेवर तुमचाच प्रकाश उमटतो. फोन काचेला जवळजवळ टेकवून, किंचित तिरपा धरा.

प्राण्यांना खायला देणं, चिडवणं, गोंगाट करणं आणि आवारात कचरा टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार गुन्हा आहे. एका वेफरने काय होतं, असं विचारतात. एका माणसाने एक वेफर दिला आणि दिवसभरात हजारो माणसं आली, असा हिशेब मांडा. शिवाय हरणांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात गेलेलं प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही, साठत राहतं.

बाहेर पडण्याआधीचा अर्धा तास

जुन्या बांधणीचे काही अवशेष पाहायचे राहू नयेत. लेडी फ्रियर यांच्या नावाचं खांबांचं मंदिरवजा बांधकाम, जुनं हरितगृह, आणि १८६० च्या दशकातला व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालेला घड्याळाचा मनोरा. ‘काळा घोडा’ हा परिसर ज्या पुतळ्यामुळे ओळखला जातो, तो ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही इथेच आहे. १९६५ मध्ये फोर्टातून हलवला, नाव तिकडेच राहिलं.

दाराशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं. तिकीट वेगळं, आणि तेही बुधवारी बंद. आत जायला दमला असाल तर निदान बाहेरचा दगडी हत्ती पाहा. घारापुरीच्या बेटावर हाच हत्ती उभा होता, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला. तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात.

लहान मुलं सोबत असतील तर हे संग्रहालय त्याच दिवशी बसवू नका. चार तासांनंतर मुलं काचेच्या कपाटांपुढे उभी राहत नाहीत. तुम्ही एकटे किंवा दोघे असाल तर मात्र दुपारचं जेवण उरकून संग्रहालयात दीड तास घालवा.

किती वेळ, कुणाला

मोठ्या माणसांना झाडं दीड तास, प्राणी दोन तास, पेंग्विन अर्धा तास, मध्ये बसणं-खाणं अर्धा तास, असे साडेचार तास. सहा वर्षांखालचं मूल असेल तर झाडांची संख्या तीनवर आणा: कैलासपती, ब्रह्मदंड, कृष्णवड. तिन्हींत दाखवण्यासारखं, हात लावण्यासारखं, गोष्ट सांगण्यासारखं काही आहे. आजी-आजोबा असतील तर सावलीचे बाक हेरून टप्पे करा आणि पक्षीगृह आधी घ्या, कारण तिथे बरंच चालावं लागतं. वाटा बहुतेक सपाट आहेत, पण पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि घसरायला होतं. जोराचा वारा सुटलेला असेल त्या दिवशी जुन्या झाडांखाली न थांबलेलंच बरं.

दुसऱ्यांदा याल तेव्हा प्राण्यांचा भाग वगळा. पहिल्या भेटीतली वही उघडा, ज्या झाडांपुढे प्रश्नचिन्हं आहेत तिथेच जा, आणि त्याच टेपने त्याच उंचीवर घेर पुन्हा मोजा. रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा येणं जमणार असेल तर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मासिक पास असतो, त्याची चौकशी तिकीट खिडकीवर करा.